म्हशीची सुई

काचेच्या कुप्या एकतीस, सगळ्यांच्या माना मोडलेल्या. सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे. पाण्याची अर्धी भरलेली बाटली. बिड्यांची थोटकं आणि वेफर्सच्या रिकाम्या पुड्या. सिरिंज एक. सुई एक, तीही जाड, पितळी बुडाची, टोकाशी काळपट झालेली.

मयुरीने पुन्हा मोजलं. एकदा मोजून तिचं समाधान कधीच होत नसे. काठीने तिने कोपऱ्यातला पाला सारला, पडलेल्या विटांमागे पाहिलं, बाहेर येऊन खिडकीखालचं गवत दोन्ही बाजूंनी वाकवून पाहिलं. कुप्यांचा आकडा बदलला नाही, सिरिंजचाही नाही.

आंजीच्या शिवाराबाहेर, कालव्याच्या कडेला ही खोली चौकीदारासाठी बांधली होती. चौकीदार काही आला नाही. दार गेलं, मग चौकट गेली, आणि खोली गावातल्या चार पोरांच्या कामाला आली. फेब्रुवारीत मयुरीने इथेच, याच काठीने मोजून सगळं उचलून नेलं होतं. तेव्हा कुप्या अठ्ठावीस होत्या आणि सिरिंजा पंचवीस, सगळ्या बारीक सुईच्या, माणसांच्या. म्हणजे जवळजवळ दर कुपीमागे एक नवी सिरिंज. आता एकतीस कुप्यांमागे एक, आणि तीही ढोरांची.

या भागाकाराला कागद लागत नव्हता. तरी ती बराच वेळ तिथे उभी राहिली, जणू तिसऱ्यांदा मोजलं तर उत्तर वेगळं येईल.

ती इथे आली होती ती मंदाबाईंमुळे. बंडूजी आणि मंदाबाई गावाला लागूनच भाजीपाला पिकवत. सकाळी मंदाबाई सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बाजारात टाकून मयुरीच्या वडिलांच्या, प्रभाकररावांच्या, मेडिकलवर आल्या होत्या.

"मयुरी, ढोराची सुई दे व एक. सिरिंजसकट दे."

"काकू, मागच्या महिन्यात तं नेली तुम्ही."

"थेही गेली. वाश्याले खोचून ठेवली होती, कोनतं पोट्टं घेऊन गेलं त काय मालूम. आता म्हशीची सुई चोरून कोनाचं भलं होनार हाये, सांग बरं."

मयुरी हसली होती. आंजीत म्हैस असलेल्या प्रत्येक घरी गोठ्याच्या वाश्याला एक सिरिंज खोचलेली असते. म्हैस व्याली की कॅल्शियम, ताप आला की आणखी काही. काम झालं की गरम पाण्याने धुवायची आणि पुन्हा वाश्याला. बोथट होईपर्यंत ती एकच चालते.

"निऱ्या काय करून राह्यला?" मयुरीने सहज विचारलं होतं. नीरज म्हणजे मंदाबाईंचा मुलगा, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. मयुरीला सख्खा भाऊ नव्हता. ती चौथीत असल्यापासून राखी त्यालाच बांधत आली होती.

"थो पडला हाये खाटेवर. हाताले बाभळीचा काटा रुतला म्हणते. हात असा सुजला, लौकीवानी. दोन रोजापासून ताप हाये, अन् दवाखान्यात जा म्हटलं का अंगावर येते."

सुई कागदात गुंडाळता गुंडाळता मयुरीचा हात थांबला होता. तिने वडिलांना गल्ल्यावर बसवलं, चप्पल घातली आणि मंदाबाईंच्या घराकडे न जाता आधी कालव्याकडे गेली. आधी पाहायचं, मग बोलायचं, असं ती स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे तिला थोडा वेळ हवा होता.

फेब्रुवारीतल्या त्या मोजणीचं पुढे बरंच काही झालं होतं. मयुरी नुकतीच फार्मसीची पदवी घेऊन दुकानात बसायला लागली होती. मोजलेले आकडे तिने मोठ्या पुठ्ठ्यावर लिहिले आणि ग्रामसभेत उभी राहून वाचले. पंचवीस सिरिंजा, आणि या कुठून बाहेरून आलेल्या नाहीत, आपल्याच गावातल्या तीन मेडिकलमधून गेलेल्या आहेत, माझ्या बाबांच्या दुकानातूनही. सभेत एवढी शांतता कधी झाली नव्हती. मार्चपासून गावात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणी सिरिंज विकायची नाही असं ठरलं. दुसरे दुकानदार ताराचंद आधी कुरकुरले, पण सगळ्यांसमोर नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. फक्त दूधवाले आणि भाजीवाले उठून म्हणाले की ढोरांच्या सुया बंद करू नका बुवा, आमची जनावरं मरतील. मयुरीलाही ते पटलं. त्या जाड सुईने माणूस काय करणार, असं तीच म्हणाली होती, आणि लोक हसले होते. सरपंचांनी तिला शाल आणि नारळ दिला.

आणि एप्रिलमध्ये नीरज दुकानात आला होता. इथे आली की मयुरीच्या आठवणीची गती कमी होई. दुपारची वेळ, दुकानात दोन गिऱ्हाइकं. त्याने दहाची नोट काचेवर ठेवली.

"ताई, एक सिरिंज दे. बारीक सुईची."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कुठून आणू." तो खाली वाकून हळू बोलला. "एकच दे. माही माह्याजवळ ठीवतो. दुसऱ्याची घ्यायची म्हणजे मले कसंतरीच वाटते."

नागपूरला भाजीची गाडी घेऊन जाता-जाता त्याला हे व्यसन लागलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तो काय मागतोय आणि का मागतोय तेही तिला नीट कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण दोन गिऱ्हाइकं ऐकत होती, पुठ्ठ्यावरचे आकडे तिचे होते, आणि शालीची घडी अजून मोडायची होती.

"तू सोडून दे, निऱ्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणजे सुईच लागणार नाही."

गिऱ्हाइकांतल्या एकाने मान डोलावली. नीरजने नोटेची बारीक घडी केली, खिशात घातली आणि गेला. मयुरीला ते वाक्य त्या दिवशी फार आवडलं होतं. रात्री जेवताना तिने ते आईला, शोभाबाईंना, पुन्हा म्हणून दाखवलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या पेपरात तिला एक प्रश्न आला होता: रक्तातून पसरणारे विषाणू. कावीळ सी-चा विषाणू वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो, साध्या गरम पाण्याने तो मरेल याचा भरवसा नाही, आणि म्हणून इंजेक्शनची नशा करणाऱ्यांना सुई सोडवण्याआधी नवी सुई मिळाली पाहिजे, असं तिने त्यात लिहिलं होतं. दहापैकी नऊ गुण. उत्तर तिला अजूनही पाठ होतं. ग्रामसभेत मात्र त्यातला एक शब्द तिला आठवला नव्हता.

ती मंदाबाईंच्या मळ्यात पोचली तेव्हा नीरज आंब्याखाली खाटेवर पडला होता. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली. गाठीपासून दंडाकडे एक लाल रेघ चढत गेली होती. मयुरीने हात न लावता, जवळून हाताची आच पाहिली.

"काटा कोणता रे? पितळी बुडाचा?"

नीरजने डोळे उघडले. "गेलतीस काय तिकडं?"

"गेलते."

"मोजून आली असशीन."

"हो."

"तुले मोजल्याबिगर चैन नाई पडत." तो हसायला गेला, पण हात हलला आणि तोंड वाकडं झालं.

"एकाच सुईनं, निऱ्या?"

"एकच भेटत होती. तुह्याच दुकानातून गेलती थे, म्हशीच्या नावानं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "चौघं जण होतो. कधी मी पह्यले, कधी थे. पन धुवत होतो ताई. गरम पाण्यानं, दर वेळी. आई म्हशीची धुते तशी."

मयुरीने त्या लाल रेघेच्या टोकाशी पेनाने एक खूण केली, म्हणजे ती किती सरकते ते कळेल. "वर्ध्याला जायचं. आत्ता. हे रक्तात उतरलं तर हात जाईल, नाहीतर तूच जाशील."

"आईले नको सांगू."

मंदाबाई चहा घेऊन येतच होत्या. मयुरी उठून उभी राहिली. "काकू, काटा लय खोल हाये. इथं नाई निंगणार. मोठ्या दवाखान्यात काढावा लागन."

"म्हटलं होतं न मी," मंदाबाई म्हणाल्या. "पाय आता, मेडिकलवालीचं तं ऐकशीन?"

बस दवाखान्याच्या फाट्यावर पोचेपर्यंत लाल रेघ पेनाच्या खुणेच्या दोन बोटं वर गेली होती.

गळू फाडून साफ करावं लागलं. चार दिवस सलाईन, अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण खाटेशी आली, मंदाबाई खाली चहाला गेल्याचं पाहून तिने पडदा ओढला आणि सरळ विचारलं. नीरजनेही सरळ सांगितलं. मग रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. नीरज म्हणाला ताईसमोर सांगा, मले एकट्याले समजनार नाई.

"एचआयव्ही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, पण आज नाही. कावीळ बी नाही. कावीळ सी आहे."

नीरजने मयुरीकडे पाहिलं, शाळेत मास्तरांनी काही विचारल्यावर बाजूच्या पोराकडे पाहावं तसं.

"ही बरी होते," डॉक्टरीण म्हणाली. "विषाणू किती आहे ते मोजायला पाठवलंय. बारा आठवडे गोळ्या, सरकारी आहेत, फुकट मिळतात. शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. पण मध्ये पुन्हा दुसऱ्याची सुई घेतली तर पुन्हा होईल. ते सोडायचंही औषध आहे आमच्याकडे, जिभेखाली ठेवायची गोळी. रोज यावं लागेल सुरुवातीला. येशील?"

"भाजीची गाडी तशीबी रोज येते वर्ध्याले," नीरज म्हणाला.

डॉक्टरीण निघाली तशी मयुरी तिच्यामागे व्हरांड्यात गेली.

"डॉक्टर, हे कधी झालं असेल? साधारण?"

"का?"

"असंच."

"अँटिबॉडी दिसते एवढंच. सहा महिन्यांपूर्वी झालं की दोन वर्षांपूर्वी, ते यातून सांगता येत नाही. आणि औषध तेच आहे, मग काय फरक पडतो?"

सांगता येत नाही. मयुरी ते तीन शब्द घेऊन गावी परतली आणि कितीतरी दिवस त्यांच्या आडोशाला राहिली. विषाणूंचा आकडा आला, दर मिलिलिटरला चार लाख बारा हजार, आणि तोही काही सांगत नव्हता.

दवाखान्यातून ज्या दिवशी ती परतली, त्याच संध्याकाळी तिने माळ्यावरचा बारीक सिरिंजांचा खोका खाली काढला आणि काचेच्या कपाटात समोरच मांडला. प्रभाकरराव बघत राहिले.

"मयू, लोक विचारतील."

"विचारू दे बाबा. मी सांगेन."

विचारायला पहिले ताराचंदच आले. हातात रिकामी पिशवी. सामान घ्यायचं निमित्तही त्यांनी धड आणलं नव्हतं. "काय बाई, तूच गावाले बंद करायले लावलं, अन् आता तूच वाटून राह्यली?"

"हो काका. माझं चुकलं."

ताराचंद भांडायच्या तयारीने आले होते. समोरचा पहिल्याच वाक्याला चूक कबूल करेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. "मंग आता आमी काय करायचं?"

"तुम्हीही द्या. नवी द्या. वापरलेल्या परत घ्या." तिने काउंटरखालचा पत्र्याचा डबा दाखवला, झाकणाला सुई जाईल एवढंच भोक पाडलं होतं. "भरला की मी दवाखान्यात पोचवते."

"अन् थे शाल? वापस करशीन काय?"

"शालीची तं तुमच्या वैनीनं गोधडी शिवली," प्रभाकरराव मध्येच म्हणाले. "आता उसवावी लागन."

ताराचंद हसले आणि जरा वेळ रेंगाळले. जाताना तसा डबा कुठे बनवला ते विचारून गेले. सिरिंज विकायला मात्र त्यांनी सुरुवात केली की नाही, हे मयुरीला नंतरही नक्की कळलं नाही.

त्या चौघांतले दोघे नीरजबरोबर तपासणीला गेले. तिसरा पुलगावला मामाकडे निघून गेला आणि फोन उचलेनासा झाला. नीरज रोज सकाळी गाडीतून उतरून दवाखान्यात गोळी घेई, मग बाजार. हाताला पांढरा व्रण राहिला. नीरज अंगाने बारीक झाला होता, पण दुपारी मळ्यात काम करताना पुन्हा दिसू लागला होता. मंदाबाई अजूनही काट्याचीच गोष्ट सांगत. सांगता सांगता काटा वाढत होता.

असं सगळं मार्गाला लागत असताना, सप्टेंबरच्या शेवटी मंदाबाईंनी मयुरीकडे वांग्याची भाजी पाठवली. स्टीलचा डबा होता. भाजी काढून शोभाबाईंनी तो घासला आणि पालथा घातला. झाकणावर कोरलेली अक्षरं मयुरीला दिसली: शिवजयंती, रक्तदान शिबिर.

तिने डबा हातात घेतला. फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये शिबिर झालं होतं. रक्त देणाऱ्या प्रत्येकाला डबा मिळाला होता. मंदाबाईंनी रक्त देणं शक्य नव्हतं, बंडूजींना साखरेचा आजार. म्हणजे डबा नीरजचा.

प्रत्येक पिशवीतलं रक्त तपासलं जातं. कावीळ सी-साठीही. शिबिर एकोणीस फेब्रुवारीला होतं आणि सिरिंजा बंद झाल्या मार्चपासून. सांगता येत नाही हे खरं नव्हतं. सांगता येत होतं. ते वर्ध्यात एका रक्तपेढीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं होतं.

त्या क्षणी तिच्या मनात जे आलं, ते तिने नंतर पुष्कळदा परतवून लावायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, तेव्हाच असू दे. फेब्रुवारीतच त्याच्या रक्तात असू दे. म्हणजे ते नवी सुई मिळत असतानाच कुठूनतरी आलं, म्हशीची सुई नंतरची, आणि काउंटरवरचं ते वाक्य हे फक्त एक वाक्य. हे सगळं तिला एका दमात वाटून गेलं, आणि मग त्याचा उरलेला अर्थ सावकाश उलगडला. फेब्रुवारीत त्याच्या रक्तात असेल आणि तरी कोणी कळवलं नाही, म्हणजे पिशवी बाजूला काढायची राहून गेली असेल, तर ते रक्त कोणाला तरी चढवलं गेलं असेल. ते कळूनही तिची इच्छा गेली नाही. फक्त तिला तिची लाज वाटू लागली.

तिने रक्तपेढीला फोन केला. माहिती फक्त रक्तदात्याला मिळते, ओळखपत्र घेऊन यावं लागेल, असं उत्तर आलं. म्हणजे नीरजला सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या आणायला ती मुद्दाम त्याच्याबरोबर गेली. भाजीची गाडी त्या दिवशी बंद होती, म्हणून बसने. आंजी सुटेपर्यंत ती हवापाण्याचं बोलत राहिली.

"निऱ्या, शिवजयंतीले तू रक्त देलं होतं न?"

"देलं न. डबा भेटला. डब्यासाठी नाई गेलतो. सगळे दोस्त बसले होते, मी एकटा कसा उठू."

"तेव्हा घेत होतास?"

"घेत होतो. पन तवा दर वेळी नवी. तुह्याच दुकानातून." त्याने खिडकीची काच सरकवली, ती अर्ध्यात अडकली. "फॉर्मवर नाई लिवलं मी. नशा करता काय, विचारलं होतं. नाई लिवलं. त्या डॉक्टरीणबाईनं सी हाये म्हटलं न, तवापासून मले झोप नाई ताई. थ्या रक्ताचं काय झालं असन? कोन्या बाईले बाळंतपणात चढवलं असन. कोन्या पोराले. तू शिकली हायेस, तुले इचारावं इचारावं म्हणून राह्यलो."

"विचारता येतं. रक्तपेढीत रिपोर्ट असतो. तुला एकट्यालाच देतात."

"मंग आजच जाऊ." तो तिच्याकडे वळला. "थे चांगलं निंगालं पायजे. बाकी माहं काय व्हायचं थे होवो."

मयुरीला इथेच थांबता आलं असतं. हो म्हणायचं, त्याच्यासोबत जायचं, आणि जे निघेल ते आपल्यापुरतं ठेवायचं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळलं नसतं.

"मला वाटत होतं ते खराब निघावं," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं. बस एका गतिरोधकावरून आदळत गेली.

"काऊन?"

"खराब निघालं तर तुला आधीच झालेलं होतं. म्हणजे मी सुई नाही दिली म्हणून झालं नाही."

नीरज बाहेर पाहू लागला. कापसाला बोंडं धरली होती, कुठे कुठे पहिलं बोंड फुटलेलं दिसत होतं. कंडक्टर तिकिटं करत त्यांच्यापर्यंत आला आणि पुढे गेला.

"मंग तुह्यासाठी दुसऱ्या कोनाले बिमार पाडू काय?" तो शेवटी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "काय बी बोलतेस बाप्पा."

"हो."

"एप्रिलमधी लय राग आलता मले तुहा. सगळ्याइच्या समोर बोलली होतीस. सुई नाई देल्ली त्याचा एवढा नाई."

"आणि आता?"

"आता सकाळी गोळी घेतो तवा येते. मंग दिवसभर काम रायते." तो उठला, बजाज चौक आला होता. "चाल. आपल्या दोघाइलेबी एकच कागद पाह्यचा हाये न."

रक्तपेढी पहिल्या मजल्यावर होती. खिडकीमागे साधारण मयुरीच्याच वयाची एक तंत्रज्ञ बसली होती, कोटावर दिपाली असं नाव. नीरजने रक्तदानाचं कार्ड आणि आधार पुढे केलं. का हवंय, असं तिने विचारलं तेव्हा मयुरी तोंड उघडणार होती, पण तोच बोलला. आपल्याला कावीळ सी निघाली आहे, तेव्हा फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, आणि ते रक्त कोणाला गेलं असेल तर कळवायला पाहिजे. हे त्याने बहुधा घरून जुळवून आणलं होतं. मध्ये एकदाच अडखळला.

दिपालीचे हात कीबोर्डवर थांबले. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "सांगितलंत ते बरं केलंत. सहसा कोणी सांगत नाही. बसा ना."

कोणी बसलं नाही.

"एकोणीस फेब्रुवारी, आंजीचं शिबिर," ती वाचू लागली. "एचआयव्ही, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. बी, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. सी..." तिने बोटाने ओळ धरली. "नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह."

"म्हणजे नाई?" नीरजने विचारलं. "नाही," दिपाली म्हणाली.

"पण ही अँटिबॉडीची तपासणी," मयुरी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच जरा घाईचा वाटला. "लागण नवी असेल तर दोन-अडीच महिने अँटिबॉडी दिसतच नाही. जानेवारीत झालं असेल तर यात येणार नाही."

नीरजने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

"बरोबर आहे तुमचं," दिपाली म्हणाली. "म्हणूनच आपण नॅटही करतो. त्यात अँटिबॉडी नाही, विषाणूच शोधतात. लागण होऊन आठवडा-दीड आठवडा झाला असला तरी सापडतो. तो रिपोर्ट नागपूरहून येतो, वेगळ्या पानावर असतो. एक मिनिट."

पान उघडायला वेळ लागत होता. खिडकीची लाकडी कड मयुरीने धरली होती. शेजारी नीरजनेही धरली होती. कोपराच्या आतला पांढरा व्रण बाहीखालून दिसत होता.

"हं, आलं," दिपाली म्हणाली. "कावीळ सी, नॅट. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह."